हमिंगवर लावलेली गिटार

व्हॉल्व्हचा जुना गिटार ॲम्प उघडला की माझं तोंड सुटतं. बायको म्हणते, "कुणाला शिव्या घालताय? तो मिस्त्री मरून वीस वर्षं झाली असतील." असतील की. पण त्यानं आत पंख्याची वायर घातलेली असते, सायकलच्या ट्यूबचा रबर गुंडाळून जोड झाकलेला असतो, आणि अर्थिंगच्या नावानं बोंब. मग त्याला नाही तर कुणाला घालायच्या?

साखर कारखान्याच्या पॉवरहाऊसात तेहतीस वर्षं काढून मी रिटायर झालो आणि कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत हा उद्योग मांडला. हौस म्हणा, खाज म्हणा. व्हॉल्व्ह म्हणजे जुन्या रेडिओत असायचे ते काचेचे दिवे. हल्लीच्या गिटारवाल्या पोरांना पुन्हा त्यांचाच आवाज लागतो, म्हणून सांगली, बेळगाव, पार पुण्याकडनं ॲम्प येतात. सकाळी चहा झाला की टेबलाशी बसतो तो जेवायची हाक येईपर्यंत उठत नाही. सुखात आहे मी, उगाच खोटं कशाला बोलू.

गेल्या उन्हाळ्यात एक म्हातारबा रिक्षातून उतरले. अठ्ठ्याहत्तरीचे तरी असतील. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, आणि हातात चादरीत बांधलेला ॲम्प.

"पावणं, व्हॉल्व्हचं मशीन हितं दुरुस्त हुतंय न्हवं?"

तरुणपणी ते इथल्याच एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे, मांडीवर आडवी ठेवून. तीस वर्षांत चारचौघांपुढं वाजवली नव्हती. आता रविवारी पणतूचं बारसं होतं, आणि ऑर्केस्ट्रातला पेटीवाला अजून धडधाकट होता, तोही येणार होता. "त्येच्यासमोर एकदा वाजवायचं म्हणतोय," ते म्हणाले. "पण जमंल का न्हाय, ठाऊक न्हाय. माझा कान गेलाय." दाढ गेली म्हणावं तसं म्हणाले.

ॲम्प उघडला आणि माझी सकाळची पूजा सुरू झाली. बाहेरच्या पत्र्याला टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. हा माणूस एवढी वर्षं जिवंत कसा, हेच मला कळेना. आणि हमिंग तर असं, की चालू केल्या केल्या घूंऽऽ करून खिडकीचं तावदान थरथरायचं. चार दिवस घालवले. जुन्या वायरी उपटून टाकल्या, तीन पिनांचा प्लग लावला, हमिंग गाळणारे फिल्टरचे कंडेन्सर बदलले. शेवटी असा गप झाला, की दिवे पेटलेले दिसले तरच चालू आहे हे कळावं. मी बायकोला हाक मारली.

"ऐक."

"काय ऐकू?"

"काही नाही ना ऐकू येत?"

"मग मला कशाला बोलवलंत? दूध ठेवलंय गॅसवर."

शुक्रवारी म्हातारबा गिटार घेऊन आले. तारा जोडल्या, मी बटण दाबलं. ते मान वाकवून थांबले. बराच वेळ थांबले.

"चालू हाय न्हवं?"

"चालू हाय की काका."

"मग आवाज कुठाय त्येचा?"

"मुळापासनं काढला," मी छाती फुगवून म्हणालो.

त्यांचा चेहरा पडला. बोटं खुंटीवर तशीच राहिली. "मिस्त्री, आता मी सूर कशावर लावू?"

माझं डोकंच सणकलं. चार दिवस मान मोडून काम केलं, आणि हे म्हणजे ताप उतरवला म्हणून पेशंटानं डॉक्टरला बोल लावावा तसं. मी चार शब्द सुनावले. हमिंग हा रोग आहे, काका, सूर नाही. तुमचं नशीब म्हणून आज बोलायला बसलाय, वगैरे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग सावकाश सांगितलं.

पेटीवाल्याला गायकांची पट्टी सांभाळायची असायची, गिटारवाल्याला सूर द्यायला कोण थांबतंय? पण मशीन घेतलं त्या संध्याकाळी यांनी हमिंग पेटीशी ताडून बघितलं होतं. पेटीची पाचवी पांढरी पट्टी, पांढरी पाच, तंतोतंत. तेव्हापासून हे हमिंगवरच गिटार लावायचे. पुढं काय झालं, एखाद्या दिवशी झकास जुळायचं आणि एखाद्या दिवशी गिटार चढी लागायची. लोकांनी अर्थ लावला तो एकच. गडी घेऊन येतोय.

"मी कधी थेंब बी घेतला न्हाई," ते म्हणाले. "एका जत्रंत लईच चढली गिटार. मालकानं सगळ्यांदेखत सांगितलं, उद्यापासनं येऊ नगंस. घरी बायकोच्या कानावर गेलं. तिनं मला वाडीला नेलं आन् दत्तापुढं शपथ घ्याय लावली, दारू सोडली म्हणून. जी कधी घेतली न्हाई ती सोडली की वो मी. घरात भांडण नगं."

"पण तुम्हाला ऐकू येत नव्हतं का, जुळत नाही म्हणून?"

"यायचं की. पण सूर मशीनवर लावलेला. मशीन कसं चुकंल? म्हंजे माझाच कान गेला."

मी खुर्चीत टेकलो. राग कुठल्या कुठं गेला. कारण हे सबंध कोल्हापुरात कुणाला कळलं असतं तर ते माझ्यासारख्यालाच. पॉवरहाऊसात तेहतीस वर्षं माझ्या डोळ्यासमोर विजेच्या फ्रिक्वेन्सीचा काटा होता. वीज सेकंदाला पन्नास फेरे घेते म्हणतात, पण त्या काळी ती कुठं पन्नासवर ठरायची? संध्याकाळी उसाचे पंप आणि घरातले दिवे एकदम चालू असले की काटा एकोणपन्नासवर उतरायचा. म्हातारबांनी हमिंग पेटीशी ताडलं ते अशाच एका संध्याकाळी. पाऊस लागला, पंप बंद पडले, की गेला एक्कावन्नवर. हमिंग म्हणजे त्या विजेचीच घरघर, ते काट्याच्या मागं मागं जाणार. आणि जत्रेतल्या जनरेटरचं तर विचारूच नका, तो वेड्यासारखा वरखाली पळायचा.

तोंडी सांगून पटलं नसतं. शेजारच्या भजनी मंडळाची पेटी मागून आणली. ॲम्पचा नवा कंडेन्सर घटकाभर सोडवून जुना लावला, घूंऽऽ परत आलं, आणि मी पांढरी पाच दाबली. अजून एक शब्दही बोललो नव्हतो.

"चढं हाय," म्हातारबा लगेच म्हणाले. "केसभर चढं हाय मशीन."

"काका, ह्याला कान गेला म्हणतात का? लाईट चढायची, उतरायची. तुम्ही दर वेळी तिच्याशी बरोबर लावत होता."

त्यांनी खिशातून फोन काढला, बायकोला लावला आणि माझ्या हातात कोंबला. "सांगा तिला."

मी काकूंना पंप सांगितले, काटा सांगितला, जनरेटर सांगितला. त्यांनी मला मधेच तोडलं. "मला त्यातलं काय कळत न्हाई. एवढंच सांगा. त्या जत्रंत हे पिऊन वाजवत हुते का?"

"न्हाई, काकू. शुद्धीत हुते. चूक लाईटची हुती."

"त्येंच्याकडं द्या," त्या म्हणाल्या.

म्हातारबांनी फोन कानाला लावला. "अगं असू दे," ते म्हणाले. थोड्या वेळानं परत म्हणाले, "असू दे की. तुला तरी कुणी सांगितलं हुतं?" फोन शर्टाला पुसून खिशात ठेवला.

"काय म्हणाल्या?"

"रडती हाय," ते म्हणाले. त्यांचे स्वतःचे डोळेही भरलेले होते. मग गिटार मांडीवर सरळ केली. "ते हमिंग बंद करा. पेटी धरा."

मी कंडेन्सर परत जोडला, ॲम्प गप केला, आणि भाता हलवत पांढरी पाच दाबून धरली. त्यांनी खुंटी एकदाच पिळली, आणि तार जिथं थांबायला हवी तिथंच थांबली.