एक्क्याऐंशी ठोके

आमच्याकडे माणूस गेलं की चर्चची घंटा वाजते. जितकं वय, तितके ठोके. शेतात खुरपणारी बाईसुद्धा हात थांबवून मोजते आणि कोण गेलं ते ओळखते. माझे वडील एक्क्याऐंशीचे होऊन गेले, तेव्हा एक्क्याऐंशी ठोके पडलेच पाहिजेत, असा मी हट्ट धरला.

अडचण एकच होती. दिवाळीपासून घंटेच्या मनोऱ्यात आग्या मोहोळ बसलं होतं, चांगलं सुपाएवढं. तेव्हापासून मंडळी रविवारी घंटेला हात लावत नव्हती, लिंबाला टांगलेला रुळाचा तुकडा वाजवून भागवत होती. पाळकसाहेब मला बाजूला घेऊन समजावत होते की रुळावरच ठोके देऊ, देवाला दोन्ही सारखेच. घंटा वाजवणारे काका, सत्तरीचे, तेही हात जोडून म्हणाले की ऊन तापलंय, माश्या चिडतील.

मी मुळातच तापट. त्यात दोन रात्रीचं जागरण. म्हणालो, "माझा बाप काय चोर होता, गुपचूप पुरायला?"

मेलेल्याच्या घरच्याला कोण उलटून बोलणार? काका दोर धरायला गेले.

चर्चच्या अंगणात दोन बाकांवर पेटी ठेवली होती. पेटीशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत आई. तिला गुडघ्यांमुळे आधाराशिवाय उठता येत नाही, म्हणून मी तिच्या पाठीशी उभा होतो. राहुरीकडचे पाहुणे सतरंज्यांवर बसले होते. पहिला ठोका पडला आणि माझ्या छातीत अभिमानच दाटला, खोटं कशाला बोलू. आई ओठातल्या ओठात मोजत होती.

तिसाव्या ठोक्याच्या आसपास वरून घूं असा आवाज आला. मान वर करेपर्यंत मनोऱ्यातून काळं काहीतरी सांडलं आणि अंगणावर पसरलं. मग एकच कल्लोळ. बायका पदर तोंडावर ओढून पळाल्या, पोरं उचलली, चपला तिथंच. एक पाहुणा पाण्याच्या हौदात बसला तर माश्या त्याच्या डोक्यावर घोंगावत राहिल्या. काका जिन्यावरून गडगडत खाली आले, तेव्हा त्यांचं तोंड माश्यांनी झाकलं होतं, नाक कुठं नि डोळा कुठं कळत नव्हतं. पेटीत वडिलांचा चेहरा उघडाच होता. त्यावरही माश्या बसल्या.

माझ्या मानेत पहिला काटा घुसला, मग कानात, मग पापणीवर. ती आग कशी असते ते सांगून कळायचं नाही. मी पळालो. आई समोर खुर्चीत होती आणि मी पळालो. पाळकसाहेबांच्या घरात शिरून आतून कडी लावली. बाहेर कोणीतरी दार बडवत होतं, तरी मी काढली नाही.

आईला वाचवलं ते आमच्या बांधाशेजारच्या वहिनींनी. बुद्धविहारातल्या कार्यक्रमाचा स्वयंपाक टाकून त्या मातीला आल्या होत्या. त्यांनी सतरंजी ओढली, आईला खुर्चीसकट आडवं पाडलं, सतरंजी दोघींवर घेतली आणि तिच्यावर पडून राहिल्या. बाहेर राहिलेल्या त्यांच्या पोटऱ्या माश्यांनी फोडून काढल्या. मग कोणी तरी ओलं पाचट पेटवून धूर केला, तेव्हा कुठं माश्या वर गेल्या.

मी बाहेर आलो तर काकांच्या मुलानं माझी गचांडी धरली. दोन ठेवून दिल्या. हट्ट तुझा, मरायचं आमच्या बापानं, आणि तू आईला टाकून पळतोस, असं तो ओरडत होता. आणखी चौघं धावून आले. एकानं पायातली चप्पल काढली. कोणी सोडवायला येईना, आणि का यावं?

आईला तेव्हा जीपमध्ये चढवत होते. ओठ सुजून भाकरीएवढे झाले होते. तिनं हात वर केला.

"सोडा त्याला. म्याच धाडलं हुतं, घोंगडी आनाय."

काकांच्या मुलानं माझी गचांडी सोडली. त्या खोट्याच्या आडोशाने मी वडिलांच्या पेटीला खांदा दिला, कबरीत पहिली माती टाकली, पाळकसाहेबांबरोबर गीतही म्हटलं.

दुसऱ्या दिवशी बांबूला चिंध्या गुंडाळल्या, रॉकेल ओतलं आणि मनोऱ्यात एकटा चढलो. मोहोळ भडभड पेटलं. जळत्या माश्या खाली पडत होत्या, पोळ्यातल्या पांढऱ्या अळ्या तडतडत फुटत होत्या, मध आणि मेण भिंतीवरून ओघळत होतं. मला बरं वाटत होतं. जोरजोराने शिव्या देत होतो. रविवारच्या शाळेत मुलांना शिकवतो, की देवानं सृष्टी राखायला माणसाच्या हाती दिली. कसली राखण! त्या बिचाऱ्या आपलं घर सोडून पळाल्या नाहीत, पेटल्या तरी पोळ्याला चिकटून मेल्या. ते बघितलं आणि मी बांबू टाकून दिला.

काका आठ दिवस दवाखान्यात होते. वाचले, पण माझ्याशी बोलत नाहीत. बरोबरच आहे त्यांचं. आई चौथ्या दिवशी घरी आली. महिनाभर मी तिचं सगळं केलं, पण तिच्या डोळ्याला डोळा देता येईना. प्रार्थनेला बसलो की शब्द फुटेना. पाळकसाहेबांपाशी बोलायचं मनात आलं, पण अपराध मी तिचा केला होता, क्षमा त्यांच्याकडे मागून काय उपयोग?

एका दुपारी ती ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. म्हटलं, आई, तू मला कुठंच धाडलं नव्हतंस. मी घाबरून पळालो. तू लोकांना सांगितलंस ते खरं धरून बसलीयस का काय, मला कळत नाही.

तिनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले.

"येडा का खुळा तू? पळताना माझ्या पायावर पाय देऊन गेलास. बुटाचा."

मला वर बघवेना. खाली बघूनच विचारलं, मग लोकांना खोटं का सांगितलंस?

"तुझ्या बापाला माती द्यायला पोरगा नको हुता का?" ती म्हणाली, आणि पुढची शेंग उचलली.