भाऊबीजेची कॅसेट

भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवशी मांडवगण फराट्याच्या बायका शेतात एकमेकींना हटकून विचारतात, "काय घातलं गं भावानं ताटात?" कुणी साडी सांगते, कुणी स्टीलचा डबा, आन् एखादीचा भाऊ हात हलवत येऊन नुसत्या करंज्या हाणून गेला असेल तर ती तोंड फिरवून कामाला लागते. हौशीरामआबांच्या सुनेला, शितलला मात्र हे कुणी विचारत नसे. विचारून करायचं काय? तिचा भाऊ दिगंबर दरसाल दौंडाहून यायचा, पाटावर बसायचा, ओवाळून घ्यायचा आणि ताटात एक कॅसेट ठेवायचा. बरं, ती तरी भजनाची, नाहीतर लग्नाच्या गाण्यांची असावी? छे! इंग्रजी गाण्यांची, आणि डबीवर चित्र म्हणजे केस मोकळे सोडलेले चार गोरे बाप्ये, त्यांच्यामागं जळकं झाड, नाहीतर सरळ कवटीच. लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला ती कवटी बघून शितलची सासू धुरपदाबाई ताटावरून उठली होती.

"करनी हाय ही," ती म्हणाली. "भाऊ हाय का वैरी?"

मग अमावस्या आली तशी तिनं त्या कॅसेटच्या डबीतला कवटीचा कागद उपसून चुलीत घातला. तेव्हापासून तो रिवाजच पडला. दिगंबरनं आणलेल्या प्रत्येक कॅसेटचं चित्र चुलीत जायचं आणि कॅसेट तेवढी शितलच्या लोखंडी पेटीत. चित्रामागं गाण्यांची नावं असतात, ती पण जळायची; खुद्द कॅसेटवर नुसतं 'ए' नि 'बी' असायचं. म्हणजे गाणी शितलकडं होती, पण नाव एकाचंही नाही.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं ते दौंडात. वडील रेल्वेत फिटर. क्वार्टरच्या पातळ भिंतीपलीकडं तिची मैत्रीण शिरीन राहायची, आणि शिरीनचा थोरला भाऊ अफताब दुपारची ड्युटी संपवून आला की टेप मोठा करून बसायचा. गिटार अशी वाजायची, की फळीवरची भांडी थरथरायची. शितलची आई कपाळावर हात मारायची आणि शितल भिंतीला कान लावून बसायची. शब्द कळायचे नाहीत. पण कुणीतरी एवढ्या जोरात, एवढं उघड, कुणाची भीडभाड न ठेवता ओरडतंय, हेच तिला लई भारी वाटायचं. तिला तिच्या घरात कुणी कधी ओरडू दिलं नव्हतं.

बारावी झाली, इंग्रजीत चांगले मार्क पडले, पुण्याला जायचं, एखाद्या ऑफिसात चिकटायचं, असं सगळं मनात ठरलं होतं. आणि वडिलांना मांडवगणचं स्थळ सांगून आलं. बागायती जमीन, एकुलता एक मुलगा, माणसं चांगली. माणसं चांगली आहेत म्हटल्यावर पोरीनं नाही कशाला म्हणायचं? नाही म्हणालीच नव्हती ती. हेच तर दुखणं होतं तिचं. माणसं खरंच चांगली होती हो! नवरा म्हाळू तिच्यावर हात सोडा, कधी आवाजसुद्धा चढवायचा नाही. सासू तिच्यासाठी दुधावरची साय बाजूला काढून ठेवायची. भांडायला तोंडच नव्हतं. वाईट घरातून पोरगी माहेरी पळून येते, चांगल्या घरातून काय सांगून येणार?

एकदा, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी, तिनं धीर केला होता. रांजणगावच्या एमआयडीसीत एका कंपनीला फोनवर बसायला इंग्रजी येणारी मुलगी हवी होती. तिनं जेवण वाढताना आबांपुढं विषय काढला. आबांनी घास खाली ठेवला. आबांचा आवाज म्हणजे गावात नाव होतं. बांधावरून हाळी दिली, तर भीमेच्या पल्याडचा माणूस वळून बघायचा. त्या दिवशी मात्र ते अगदी हळू बोलले.

"पोरी, तुला हितं काय कमी हाय का?"

"न्हाई, आबा."

"मग झालं तर. शितल, च्या टाक."

संपला विषय. आबांना दिवसातून चार वेळा चहा लागायचा आणि तो सुनेच्याच हातचा. धुरपदाबाईच्या चहाला ते 'पाटाचं पानी' म्हणायचे. कुठलंही बोलणं आटोपायचं झालं, की आबांचं शेवटचं वाक्य ठरलेलं: शितल, च्या टाक.

तेव्हापासून ती आणि तिची पेटी. झेंडू तोडायला निघाली की कमरेला वॉकमन खोचायची, कानाला हेडफोन लावायची आणि वरून डोक्याला फडकं घट्ट बांधायची. बघणाऱ्याला वाटावं, ऊन लागू नये म्हणून बांधलंय. बायका आपसांत बोलायच्या, ही आपली तोडतेय फुलं मुकाट. आणि हिच्या कानात असा धुमाकूळ चाललेला, की विचारू नका!

आबांना ते एकदा कळलं. हाका मारमारून दमले, ही बघेना. जवळ येऊन त्यांनी फडकं ओढलं. आबांनी हेडफोन आपल्या कानाला लावला आणि कान टवकारून उभे राहिले.

"आयला!" ते म्हणाले. "ह्यो गडी माझ्यावानी हाळी देतुय की! काय म्हंतुय?"

"नीट कळत न्हाई, आबा."

"कुनाला तरी बोलावतुय. लई लांब हाय वाटतं त्यो मानूस." हेडफोन परत देऊन ते पुढं गेले. घरात मात्र चकार शब्द बोलले नाहीत. शितलला त्या दिवशी रडू आलं. ज्यानं दार लावून घेतलं, त्यालाच तेवढं ऐकू आलं होतं.

तर अशी वर्षाला एकच कॅसेट. मग ती पुरवायची कशी? शितलनं त्याची रीत बसवली होती. दिवाळीपासून होळीपर्यंत फक्त पहिली बाजू ऐकायची. दुसऱ्या बाजूला हात लावायचा नाही. होळी झाली की दुसरी बाजू उघडायची. पोरं दिवाळीचे फटाके तुळशीच्या लग्नासाठी राखून ठेवतात ना, तसंच. पुढं काहीतरी न ऐकलेलं आहे, एवढ्यावर ती थंडीचे दिवस काढायची. घरात सगळं आधीच ठाऊक असायचं: उद्या काय शिजणार, कोण काय बोलणार, आबा कधी चहा मागणार. तेवढी एक बाजू तिला ठाऊक नसायची.

नव्याण्णव सालच्या भाऊबीजेला दिगंबरनं आणलेली कॅसेट आजवरची सगळ्यांत भारी निघाली. पहिली बाजू ऐकूनच ती वेडी झाली. दुसरी बाजू कधी एकदा लावते, असं तिला झालं होतं. दोनदा बोट बटणापर्यंत गेलं, दोनदा मागं घेतलं. होळीपर्यंत दम धर बाई, असं स्वतःलाच दटावलं.

त्या हिवाळ्यात आबांचा आवाज बसला. आधी खोकला म्हणून काढे झाले, मग शिरूरच्या डॉक्टरचं औषध झालं, आणि शेवटी पुण्याच्या दवाखान्यात सांगितलं, की घशात गाठ आहे, स्वरयंत्रच काढावं लागेल. माणूस वाचेल. आवाज राहणार नाही.

ज्या दिवशी दुपारी पुण्याला निघायचं होतं, त्या दिवशी सकाळी म्हाळूच्या मनात आलं, आबांचा आवाज भरून ठेवू. टेपरेकॉर्डर होता, कोरी कॅसेट नव्हती. धुरपदाबाईच्या अभंगांच्या कॅसेटी होत्या, पण देवाचं पुसायचं कसं? शितल आत दवाखान्यात न्यायच्या दशम्या करत होती. म्हाळूनं बाहेरून विचारलं, "तुझी एखादी कॅसेट घिऊ का गं?"

"पेटीत डाव्या अंगाला जुन्या हायत, त्यातली घ्या," तिनं आतून सांगितलं. घरावर असला प्रसंग, तिथं नाही कोण म्हणणार?

दशम्या फडक्यात बांधून ती बाहेर आली तेव्हा रेकॉर्डिंग होत आलं होतं. आबा ओट्यावर बसून घोगऱ्या आवाजात बोलत होते. विहिरीतल्या मोटारीच्या पाइपाला खाली जाळीचा फुटबॉल असतो, तो कधी साफ करायचा, कुठल्या वाफ्याला पाणी आधी सोडायचं, शेजाऱ्याशी बांधावरून भांडू नका, धुरपदाला गुडघ्याचं तेल आणून देत जा. बोलता बोलता दमले. सुनेला दारात बघितलं आणि सवयीनं म्हणाले, "शितल, च्या टाक." म्हाळूनं खटकन बटण बंद केलं. सगळे हसले आणि हसता हसता सगळ्यांचेच डोळे भरून आले.

चहा टाकून ती वॉकमन उचलायला गेली, तर तो उघडा. रिकामा.

"अहो, ही कुठली घेतली?"

"तुझीच की. पेटीचं कुलूप कुठं उघडत बसू? ही वॉकमनमधी हाताशी हुती." म्हाळूनं कॅसेट काढून दाखवली. वरच्या दोन खाचांत त्यानं कागदाचे बोळे कोंबले होते, त्याशिवाय विकतच्या कॅसेटवर भरता येत नाही. आणि मग तो अगदी मायेनं म्हणाला, "तुझी बाजू न्हाई बिघडवली हां. तू कायम एकच बाजू ऐकतीस, मला म्हाईत हाय. दुसरी तुला आवडत न्हाई न्हवं? म्हनून तीच घेतली."

त्याच्या तोंडावर कॅसेट फेकून मारावी, असं तिला वाटलं. इतक्या वर्षांत या माणसानं तिच्याकडं कधी नव्हे ते नीट लक्ष दिलं होतं, आणि लक्ष देऊन हे केलं होतं! तिनं कॅसेट पदरानं पुसली आणि चहा गाळायला गेली.

आबा वाचले. गळ्याला भोक आणि त्यात नळी घेऊन घरी आले. ती नळी काढून साफ करायची, परत बसवायची. म्हाळूला बघवायचं नाही, धुरपदाबाईला भोवळ यायची. ते काम शितलकडं आलं. दिवसातून तीनदा. पुण्याला जाणं राहिलं, आता दौंडालाही मुक्कामाला जाता येईना. शेतात फुलं तोडायला दुसऱ्या बायका लावल्या. वॉकमनमधले सेल फुगून आतच चिकटले.

कॅसेट आता तिची राहिली नव्हती. ती देवघरापुढच्या फळीवर असायची. रोज तिसऱ्या प्रहरी आबा ओट्यावर बसून बोटानं खूण करायचे, शितल टेप लावायची आणि आबा आपलाच आवाज मान हलवत ऐकायचे. शेवटी ते वाक्य यायचं, "शितल, च्या टाक." धुरपदाबाई आतून हसून म्हणायची, "ऐकलं का गं?" मग शितल टेप बंद करायची आणि खरोखरच चहा टाकायला उठायची. त्या वाक्यापुढं टेप उरली होती. पुसली न गेलेली, न ऐकलेली. बंद करताना एखादी तार कुठं वाजली न वाजली, एवढंच.

पुढल्या भाऊबीजेला दिगंबरनं ताटात साडी घातली. "ती कॅसेट पुन्हा मिळती का बघ रे," असं तिनं सांगितलं होतं. तो म्हणाला, "ताई, तिचं नाव काय सांगू दुकानदाराला? आन् आता कॅसेटी कोन घेतंय? सगळं सीडीवर आलं." धुरपदाबाईनं साडी सगळ्या आळीत दाखवली. दुसऱ्या दिवशी पहिल्यांदाच बायकांनी शितलला विचारलं, काय घातलं गं भावानं?

त्याच दिवशीची गोष्ट. तिसरा प्रहर झाला, टेप लावली. मोटारीचा फुटबॉल झाला, बांध झाला, गुडघ्याचं तेल झालं. "शितल, च्या टाक." ती बटणाकडं वाकली आणि तिचा पदर ओढला गेला. बघते तर आबांनी पदर मुठीत धरलेला. दुसऱ्या हातानं ते खुणावत होते, राहू दे. बस.

ती बसली.

आधी खरखर झाली, मग अर्ध्यावरूनच गाणं सुरू झालं. एकटी गिटार, अगदी सावकाश. मग एकदम सगळं कोसळलं. ड्रम, गिटारी आणि तो माणूस छाती फोडून ओरडायला लागला. आबांनी हात लांबवून आवाजाचं चक्र पार शेवटपर्यंत फिरवलं. ओट्यावरचा तांब्या थरथरायला लागला. शेळ्या दाव्याला ओढ देऊ लागल्या. आत धुरपदाबाई काहीतरी म्हणत होती, ते ऐकूही येईना. शितल हसत होती आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. एवढ्या आवाजात आपलं कुणाला ऐकू जाणार नाही, हे तिच्या ध्यानात आलं, आणि पोटात साठलेलं सगळं वर आलं.

"आबा, मला कंपनीत जायचं हुतं!" ती ओरडली. आबा तिच्याकडं बघत राहिले. "मला फोनवर बोलायचं हुतं! मला तुमच्या च्याचा वीट आलाय! मला हितं..."

टेप संपली. बटण खटकन वर आलं.

"...न्हाई ऱ्हायचं!"

अंगण चिडीचूप. तिचा आवाज शेजारच्या वाफ्यापर्यंत गेला होता. पाणी धरणारा म्हाळू खोरं हातात धरून वळून बघत होता. धुरपदाबाई पिठाच्या हातानं दारात आली. आबांचं तोंड उघडलं, ओठ हलले. त्यांना काहीतरी सांगायचं होतं, अगदी नक्की सांगायचं होतं. पण गळ्यातल्या नळीतून नुसतं वारं वाजलं.

"काय गं? काय झालं?" धुरपदाबाईनं विचारलं.

शितलनं डोळे पुसले. आबांच्या मुठीतून पदर हळूच सोडवून घेतला.

"काय न्हाई, आत्याबाई," ती म्हणाली. "च्या टाकते."