आमच्या रेवतीची इटली

आमच्या शिशुगृहात प्रत्येक गोष्टीचं रजिस्टर आहे. कोणी किती दूध प्यायलं, कोणाला किती ताप होता, कोणाचं पोट बिघडलं, सगळं लिहायचं आणि खाली सही करायची. पण आज आपण पोट धरून हसलो, हे लिहायला कुठल्याच रजिस्टरात रकाना नाही. त्यामुळे ते सगळं आम्हा मावश्यांच्या डोक्यात साठत जातं. नाशिकच्या या घरात मला मावशी होऊन अठरा वर्षं झाली. साठा केवढा झाला असेल, विचार करा! त्यातले एकट्या रेवतीचेच किस्से सांगते.

रेवती तेव्हा सव्वापाच वर्षांची होती. जन्मापासून डावा पाय आखूड, म्हणून त्या पायात जाड तळाचा बूट. आमच्याकडे सहा वर्षांपर्यंतचीच मुलं राहतात. त्यानंतर तिला दुसऱ्या गावी मोठ्या मुलींच्या बालगृहात पाठवावं लागलं असतं. इकडे तिला दत्तक घ्यायला कोणी तयार होईना. मग एक दिवस आमच्या मॅडमनी सांगितलं, इटलीतल्या एका जोडप्याने तिची फाइल वाचून होकार कळवलाय. बाईचं नाव मार्ता, नवऱ्याचं पावलो.

आम्ही नाचायचंच बाकी ठेवलं. पण पाच वर्षांवरच्या मुलीला विचारल्याशिवाय कोणाकडे देता येत नाही. सगळे कागद झाले तरी शेवटी सरकारी ऑफिसात साहेबांसमोर तिने स्वतः हो म्हणायला हवं. आणि रेवतीने तर बातमी ऐकल्या ऐकल्या सांगून टाकलं होतं, "मी नाही जाणार. त्यांना दुसरी द्या."

*

पहिला व्हिडिओ कॉल ठरला. मी रेवतीच्या दोन वेण्या घातल्या, नवा फ्रॉक घातला. मॅडमनी लॅपटॉप उघडला आणि रेवती कॉटखाली गेली.

बाकीची सात पोरं मात्र स्क्रीनला चिकटली आणि "आई, बाबा" करून हात हलवायला लागली. ते दोघं बिचारे गोंधळून गेले. एका मुलीसाठी दोन वर्षं कागद करत होते आणि इथे सात जण एकदम तयार!

कॉटखालून रेवतीचा फक्त तो जाड बूट दिसत होता. मॅडमनी लॅपटॉप उचलून जमिनीवर ठेवला. मग मार्ता वीस मिनिटं त्या बुटाशीच बोलली. तू जेवलास का, तुला थंडी वाजते का, तुला कोणता रंग आवडतो. मॅडम एकेक वाक्य मराठीत सांगत होत्या. बूट गप्प. शेवटी तिने बुटाला विचारलं, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू का?

बूट एकदा हलला.

दुसऱ्या कॉलला दोन्ही बूट बाहेर आले. तिसऱ्याला गुडघ्यापर्यंत पाय. चौथ्या कॉलला अख्खी रेवती बाहेर येऊन बसली. तोंड भिंतीकडे करून!

*

त्यांनी फोटोंचा अल्बम पाठवला. मुलाला नवीन घराची ओळख व्हावी म्हणून अल्बम पाठवायची पद्धतच आहे. त्यात घर होतं, कुत्रा होता, दाढीवाला पावलो होता, त्याची म्हातारी आई होती. रेवतीने म्हातारीला दात आहेत का ते जवळून तपासलं. मग ती स्वयंपाकघराच्या फोटोवर थांबली. तिथे टेबलाभोवती तीन खुर्च्या होत्या.

तिने बोट ठेवून मोजल्या. एक आईची, एक बाबांची. तिसरी कोणाची, म्हणून मला विचारलं. मी म्हटलं, "तुझी."

तिने पुन्हा मोजल्या. "मग तुम्ही सगळ्या कुठे बसणार?"

मी आपलं मॅडमना सांगितलं, मॅडमनी तिकडे कळवलं. पुढच्या आठवड्यात मोबाइलवर नवा फोटो आला. तेच टेबल, पण भोवती बारा खुर्च्या! काही शेजाऱ्यांच्या, काही बागेतल्या, एक तर लहान बाळाला भरवायची उंच खुर्ची. दाटीवाटीत पावलो कोपऱ्यात उभाच होता.

आमच्या स्वयंपाकीण ताराबाईंनी फोटो निरखून पाहिला. त्या घोटीकडच्या. म्हणाल्या, "माणूस चांगला हाय. सगळ्यांला बसवून सोता उभा ऱ्हायला."

*

आमच्या घरात सगळ्या बायकाच. पुरुष म्हणजे दूधवाला, आणि तोही फाटकापर्यंत. त्यामुळे आमची मुलं पुरुष जवळ आला की रडतात, त्यातून दाढी असेल तर विचारूच नका. मॅडमना तीच काळजी. म्हणून मी एक उपाय काढला. थंडीचे दिवस होते. माझा काळा लोकरीचा मफलर हनुवटीला बांधला, खुर्चीत बसले आणि जाड आवाजात म्हटलं, "मी पावलो."

पहिल्या दिवशी रेवती ताराबाईंच्या मागे लपली. दुसऱ्या दिवशी दुरून बघितलं. महिन्याभरात ती माझी दाढी ओढायची आणि दाढीला बिस्किट भरवायची. मला वाटलं, जिंकलं.

मार्चमध्ये ती दोघं नाशिकला आली. पावलो दारातून आत आला, सहा फुटी माणूस, आणि त्याचा चेहरा गुळगुळीत! मॅडमनी कधीतरी ईमेलमध्ये लिहिलं होतं, मुलं दाढीला घाबरतात. त्याने पंधरा वर्षांची दाढी सकाळी हॉटेलात उतरवून टाकली होती.

रेवतीने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. आत जाऊन अल्बम आणला, दाढीच्या फोटोवर बोट ठेवलं आणि मॅडमना म्हणाली, "हे ते नाहीत. फोटोतले आणा."

पावलोचा चेहरा एवढासा झाला. आता काय करावं? मी कपाटातून मफलर काढला आणि त्याच्या हनुवटीला बांधला. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तो मुकाट्याने जमिनीवर बसला, घाम गळत होता. रेवती जवळ गेली, एकदा दाढी ओढून पाहिली आणि बिस्किट आणायला पळाली.

पुढचे तीन दिवस तो हॉटेलातून मफलर बांधूनच यायचा. तिसऱ्या दिवशी रिक्षावाल्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "ताई, साहेबांचा दात दुखतोय का? ओळखीचे डॉक्टर आहेत."

*

ताराबाई महिनाभर आधीपासून तयारीला लागल्या होत्या. पोरगी इटलीला जाणार, तर तिला तिकडच्या खाण्याची सवय हवी. भद्रकालीच्या बाजारातून त्यांनी मॅकरोनी आणली. ती कांद्या-खोबऱ्याच्या वाटणात टाकली, वरून काळा मसाला, तर्री आणि कोथिंबीर. पोरं भाताबरोबर चाटूनपुसून खायची. आम्हालाही वाटलं, इटलीत बरं खातात की.

पाहुण्यांना पहिल्या दिवशी तीच वाढली. "त्यांच्या गावची भाजी हाय, त्यांना नाय आवडणार तर कोनाला?" असं म्हणून ताराबाई डाव घेऊन समोर उभ्या राहिल्या.

पावलोने पहिला घास घेतला आणि थांबला. मार्ताकडे पाहिलं. मार्ता ताटाकडे बघत होती. मग दोघांनी माना खाली घालून जेवायला सुरुवात केली. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी दुसऱ्यांदा घेतली. ताराबाईंनी मॅडमकरवी विचारलं, तुमच्या घरी अशीच होते ना?

पावलोने बराच विचार केला आणि उत्तर दिलं. मॅडमनी मराठीत सांगितलं, "नाही. माझ्या आईला अशी कधीच जमली नाही."

दुसऱ्या दिवशी ताराबाईंनी काळ्या मसाल्याची बरणी त्याच्या हातात ठेवली. "आईला द्या म्हनावं. वय झालं म्हनून काय झालं, शिकतील."

*

एवढं सगळं झालं तरी रेवती हो म्हणाली नव्हती. रोज विचारलं की म्हणायची, "मी बघते."

साहेबांकडे जायच्या दिवशी आम्ही रिक्षाने निघालो. रेवती माझ्या मांडीवर होती आणि माझ्या मनात जुन्या गोष्टी येत होत्या. मार्ता-पावलोच्या आधी दोन जोडपी तिला बघून गेली होती. दोन्ही जोडप्यांनी तिला व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवायला सांगितलं होतं. ती चाललीही होती, अगदी मनापासून. मग त्यांनी चहा घेतला, कळवतो म्हणाले आणि गेले. दुसऱ्या वेळी ती संध्याकाळपर्यंत फाटकाशी उभी होती.

साहेब वयस्कर होते, आवाज मऊ. कागद वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "रेवती बाळ, हे दोघं तुला आई-बाबा म्हणून हवे आहेत का?"

मॅडम हातातली फाइल नुसती उघडझाप करत होत्या. मार्ताने पावलोचा हात घट्ट धरला होता.

"आधी त्यांना चालून दाखवू दे," रेवती म्हणाली.

साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी ते इंग्रजीत सांगितलं. ऐकल्याबरोबर दोघं उठली. खुर्च्या मागे सारल्या, दारापर्यंत चालत गेली, वळली, परत टेबलापर्यंत आली. पावलो घाईत कपाटाला धडकला.

रेवती पुढे वाकून त्यांच्या पायांकडे बघत होती. "अजून एकदा."

दोघं पुन्हा गेली, पुन्हा आली.

मग ती मागे टेकून बसली आणि साहेबांना म्हणाली, "घेते मी यांना."