तलवारीशेजारची फ्रेम

मंडी मोहल्ल्यातल्या गोदावरीबाईंनी चाळीस वर्षं पोलिसांचे गणवेश शिवले आणि मुलगा भुजंगराव पोलिसांच्याच हाती लागला. पन्नाशीचा घोडा! हुणसूरला ड्रायव्हर होता, मालकाच्याच तंबाखूच्या गोण्या पळवल्या. माल परत दिला, मालक तडजोडीला तयार झाला, गुन्हा कबूल करायचं ठरलं. शिक्षा सात वर्षांपर्यंतची; पण कबुली दिली आणि गुन्हा आयुष्यातला पहिलाच असला, तर सहावा हिस्सा, म्हणजे चौदा महिने. तेवढे तर त्याने आत काढलेच होते. आज सुटणार म्हणून बाई सकाळीच चित्रान्न, त्याच्या आवडीचा लिंबूभात, करून कोर्टात हजर होत्या.

तोच त्याच्या वकीलबाई विद्याश्री धावत आल्या. "अम्मा, पोलिसांच्या यादीत जुनी शिक्षा निघाली! भुजंगराव सयाजीराव, मारामारी, १९९६. आता चौथा हिस्सा पडणार, एकवीस महिने. अजून सात!"

बाई एकदम ओरडल्या, "अय्यो, तो हा नव्हे! ते माझे मामंजी!"

घरात नातवाला आजोबांचं नाव द्यायची रीत. सयाजीरावांचा भुजंगराव, भुजंगरावांचा सयाजीराव, पुन्हा भुजंगराव. सासऱ्यांनी म्हातारपणी शेजाऱ्याचं डोकं फोडलं आणि वर सैनिकाचं रक्त म्हणून मिरवत कोर्टाच्या निकालाची फ्रेम करून भिंतीवरच्या घराण्याच्या तलवारीशेजारी टांगली. तीस वर्षं पाहुणे आले की बाई लाजेने तिच्यावर टॉवेल टाकत.

"इरी, थांबा, आले!" म्हणत सत्तरीच्या बाई रिक्षात चढल्या. ड्रायव्हरला दामटत घर गाठलं, फ्रेम काखोटीला मारली आणि पुकारा होता होता धापा टाकत परतल्या.

न्यायाधीशांनी बाईंनी पदराने पुसून दिलेल्या काचेतून वाचलं: आरोपीचं वय अडुसष्ट. समोर उभा पन्नाशीचा भुजंगराव. त्यांना हसू आवरेना. सरकारी वकिलांनीही मान डोलावली. चौदा महिने! भोगून झालेले! बाईंनी भर कोर्टात टाळी वाजवली आणि शिपायाची बोलणी खाल्ली.

संध्याकाळी तुरुंगाच्या फाटकाबाहेर भुजंगरावाने आईच्या हातातली फ्रेम घेतली. "आई, ही पुन्हा भिंतीवर लावायची?"

"लावायची तर! टॉवेलही टाकणार नाही आता." आणि मग बाईंनी त्याचं मनगट धरलं. "पण शेजारी तुझ्या निकालाची लावायला मी खिळा ठोकणार नाही, कळलं, गोत्ता?"

पन्नाशीचा भुजंगराव रस्त्यातच लहान मुलासारखा रडू लागला.