कॅबिनेटचं माप

ताई कपडे शिवायची, आणि मापात तिचा हात कुणी धरू शकत नसे. म्हणूनच धाकट्या भावाच्या गेमिंग कम्प्युटरचे भाग निवडायचं काम आईने तिच्याकडे सोपवलं. धाकट्याने सगळे पैसे ग्राफिक्स कार्डात घालून बाकीचा कम्प्युटर देवाच्या भरवशावर सोडला असता.

आईची अट ठरलेली होती. आज संध्याकाळी गेम खेळणाऱ्या एका टीमची ऑनलाइन निवड. नाव लागलं तर ठीक, नाहीतर सोमवारी परगावी मामाच्या गोदामात कामाला लागायचं. हा गेला तर या घरात आपण बोलायचं कुणाशी, या विचाराने ताईचा जीव अर्धा झाला होता.

काल तिने दुकानदाराला अगदी पिडलं होतं. कार्ड वापरलेलं चालेल, पण इथेच चालवून दाखवा. रंगीत दिवे नकोत. वीजपुरवठ्याचा एसएमपीएस मात्र चांगल्यातला द्या. काटकसर केली ती फक्त हे सगळं बसवायच्या कॅबिनेटमध्ये. शिलाई मशीनशेजारच्या जागेत मावेल असा छोटा, स्वस्त डबा तिने टेप लावून पसंत केला.

आज दुपारी धाकट्याने सगळं जोडलं. शेवटी कार्ड बसवायला घेतलं, तर ते आतल्या लोखंडी कप्प्याला अडलं. बोटभर जागा कमी पडत होती.

"ताई, माप घेतलं होतंस ना?"

घेतलं होतं. बाहेरून! ब्लाउज शिवायचा आणि माप कपाटाचं घ्यायचं, तसली अक्कल. तिने दुकानात फोन लावला, तर आज सुट्टी.

"संपलं. मी बॅग भरतो," धाकटा म्हणाला.

"गप बस. डब्याशिवाय हे चालतच नाही का?"

"चालतं, पण उघडं..."

"मग चालू दे उघडं."

तिने कापड बेतायचं टेबल रिकामं केलं, धागेदोरे पुसले आणि मदरबोर्ड त्याच्याच खोक्यावर ठेवायला लावला. कार्ड एका बाजूला लवायला लागलं, तेव्हा खाली दोऱ्याचं रीळ सरकवलं. चालू करायचं बटण कॅबिनेटवरच राहिलं होतं. आता बोर्डावरच्या दोन बारीक पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडायच्या होत्या. धाकट्याने स्क्रूड्रायव्हर ताईच्या हातात दिला.

"भलत्याच पिना जोडल्या तर बोर्ड जळेल, ताई."

"कुठल्या ते दाखव. आणि माझ्या मानेवर श्वास सोडू नकोस."

तिने टोक टेकवलं. काहीच नाही. आई दारातून घड्याळाकडे बघत होती. सुईत दोरा ओवताना करायची तसे ताईने डोळे बारीक केले आणि पुन्हा टेकवलं. पंखे फिरले.

निवड चालू असेपर्यंत तिने मशीनला हात लावला नाही. टेबल हादरलं तर? गिऱ्हाइकांचे कपडे तसेच पडून राहिले. ती रिळावर नजर ठेवून बसली होती.

"घेतलं! ताई, मला घेतलं!"

आईसुद्धा हसली. ताईला रडूच फुटलं. "आता कुठे जायला नको तुला," ती म्हणाली.

धाकटा पडद्यावरचं पुढचं वाचता वाचता थांबला.

"ताई, टीम एकत्र राहते गं. तिकडे लांब. सोमवारीच बोलावलंय, कम्प्युटर घेऊन."

ताईने गळ्यातली टेप काढली आणि कम्प्युटरसाठी जाड अस्तराची पिशवी बेतायला घेतली. धाकट्याने कम्प्युटर बंद केला आणि रीळ तिला परत द्यायला हात पुढे केला.

"राहू दे ते," ती म्हणाली. "तिकडे कोण देणार आहे तुला?"