मॅडमचं तीन पायांचं पिल्लू

"पहिल्या नंबरवाल्याला तर सगळेच घेतात ना जी," असं म्हणून मॅडम चष्मा कपाळावर सारायच्या, की समजावं, आता काहीतरी अजब निवडलं जाणार. मिठाईच्या दुकानात लोक मावा जलेबीवर तुटून पडलेले असताना त्या कोपऱ्यातल्या ताटाकडे बोट दाखवायच्या. एकदा ती मिठाई परवाची निघाली. स्टाफरूममध्ये आम्ही सगळ्यांनी ती निमूट खाल्ली.

बुऱ्हाणपूरच्या आमच्या कॉलेजात त्या गणित शिकवत, मी इतिहास. नेपानगरहून रोज यायच्या. मधल्या सुट्टीत डब्याआधी लॅपटॉप उघडायचा. त्यावर एक वेबसाइट होती. देशोदेशीचे लोक मिळून तिथे एकच प्रयोग वर्षानुवर्षं चालवत होते. पडद्यावर काड्यांचे प्राणी चालायची धडपड करत. आपण दोन निवडायचे; संगणक त्यांचे गुण मिसळून, थोडा फेरफार करून पिल्लं तयार करायचा. त्या पिल्लांतून पुढच्या माणसाने पुन्हा दोन निवडायची. लोक अर्थातच सर्वांत जोरात पळणारे घेत. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

मॅडमनी धरलं ते तीन पायांचं एक पिल्लू. थोडं चालायचं आणि तोंडावर पडायचं. पळणारे सगळे एकाच साच्याचे झालेत, आता त्यांच्यात नवं काही निघत नाही. हे निदान वेगळ्या तऱ्हेने पडतं, असं त्या मला तळमळून समजावत. पण साइटचा नियम कडक होता. महिनाभरात दुसऱ्या कुणी निवडलं नाही, तर पिल्लू पुसलं जाई. कितीदा तरी पुसलं गेलं. त्या दिवशी मॅडमचा डबा तसाच घरी जायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या आईबापांपासून पुन्हा सुरुवात.

मला ते बघवेना. म्हटलं, मी खातं उघडतो आणि निवडतो, वाचेल तरी. मॅडमनी लॅपटॉप बाजूला ओढला.

"झूठमूठ नको, सर. खरंच पसंद आलं तरच दाबा. माझ्या लिहाजानं, माझं मन राखायला वाचलं, तर ते काय वाचलं?"

मी पुष्कळदा पाहिलं. खरं सांगतो, नाही आवडलं. तसं सांगितल्यावर त्या मनापासून हसल्या आणि अर्धी पोळी माझ्या डब्यात टाकली. हार इतक्या स्वच्छ मनाने घेणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात मॅडम साध्या तापाचं निमित्त होऊन गेल्या.

तेराव्यानंतर मी स्टाफरूममध्ये ती साइट उघडली, स्वतःचं खातं काढलं. त्यांच्या नावाखालचं शेवटचं पिल्लू अजून पुसलं गेलं नव्हतं. थोडं चाललं आणि तोंडावर पडलं. पण या खेपेला पडण्याच्याच झोकात त्याचा मागचा पाय डोक्यावरून पुढे आला, आणि कोलांट्या घेत ते पडद्यापार निघून गेलं.

"मॅडम, आलं पसंद," मी शेजारी वळून म्हणालो, आणि मग बटन दाबलं.