सुगंधी फरशीचा भुसा

आमचे हे अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत सुपरवायझर होते. नव्वद सालाच्या आसपास त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं, सुगंधी फरशी बनवायची. उल्हासनगरच्या फर्निचरवाल्यांकडून लाकडाचा भुसा आणायचा, जवसाच्या तेलात मळायचा, त्यात देवदाराचं नि गवती चहाचं तेल घालायचं आणि दाबून लाद्या पाडायच्या. तिथल्या एका सिंधी व्यापाऱ्याला नमुना आवडला. म्हणाला, "माल अच्छा आहे साहेब, पण वास टिकला पाहिजे."

झालं! ह्यांनी तेलात मळलेला भुसा लोणच्यासारखा मुरवायचं ठरवलं. गोणीत ठासून भरला, वास उडू नये म्हणून वर प्लास्टिक गुंडाळलं. कात्रपच्या आमच्या दोन खोल्यांत जागा कुठली? गोणी गेली सासूबाईंच्या पलंगाशेजारी. सासूबाईंचं डावं अंग अर्धांगवायूने गेलेलं. कूस बदलायलाही त्यांना मी लागायची. मी कटकट केली, पण ऐकतंय कोण.

एका दुपारी हे कामावर असताना मला कढई करपल्यासारखा वास आला. गॅस बघितला, तो बंद होता. वासामागे गेले तर सासूबाईंच्या खोलीत पोचले. प्लास्टिकच्या आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. गोणीवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. आग नाही, काडी नाही, आणि गोणी आतून तापलेली.

"आई, चला बाहेर," म्हणाले खरी, पण त्या चालणार कशा? तेवढ्यात गोणीच्या शिवणीतून धुराची बारीक रेघ निघाली. मी चादरीसकट त्यांना खाली ओढलं. त्या कण्हल्या. मला रडू फुटलं होतं, हाताला घाम, चादर सारखी निसटत होती. आपण दाराशी पोचायच्या आत मागे भडका उडणार, एवढंच डोक्यात. मान वळवून बघायची हिंमत नव्हती. "वहिनी, धावा हो!" अशी किंचाळले की अख्खी बिल्डिंग बाहेर आली.

समोरच्या वहिनींनी सासूबाईंना आपल्या घरात घेतलं. दोघा शेजाऱ्यांनी पोतेरी ओली करून हाताला गुंडाळली आणि गोणी फरफटत अंगणात नेली. तिथे ती फाटली. आतला भुसा कोळशासारखा काळा, मधोमध लाल. वारा लागला मात्र, भप्पकन कमरेएवढी ज्वाळा उठली. पिंपभर पाणी ओतलं तेव्हा कुठे विझली. जवसाचं तेल भुशात कोंडलं की आपोआप तापून पेटतं, हे मागाहून कळलं. मी तिथेच जमिनीवर बसले.

मग वहिनींकडे गेले. सासूबाईंची साडी सारखी करताना दिसलं, त्यांचं उजवं कोपर, ज्याला सगळं कळत होतं ते, लालबुंद झालेलं.

"आई, चटका बसत होता तर हाक का नाही मारलीत?"

"सकाळपासून गरम लागत होतं गं," त्या म्हणाल्या. "पण तू प्लास्टिक सोडलं असतंस, वास उडून गेला असता. किती दिवसांनी तो खुशीत होता."

आगीला मी भ्यालेच होते. पण माझे दात वाजायला लागले ते हे ऐकून.